हिमालयातील बर्फ आणि पेण-रोह्याच्या पर्जन्यनोंदी : एका निरीक्षण-जाळ्याचा इतिहास

पेण व रोहा या तालुक्यांत बर्फ पडत नाही. तथापि हिमालयातील बर्फाच्या नोंदींचा इतिहास येथील पर्जन्यनोंदींच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. भारतातील मोसमी पावसाचे पहिले अंदाज बर्फावरून बांधले गेले आणि ते खरे ठरले की खोटे, हे मात्र मैदानातील व किनाऱ्यावरील पर्जन्यमापकांनी ठरविले. प्रस्तुत लेखात या दोन टोकांमधील संबंधाचा मागोवा घेतला आहे.

भारतीय हवामान खाते 1875 मध्ये स्थापन झाले. पाठोपाठ 1876-78 चा दुष्काळ आला आणि पावसाचा आगाऊ अंदाज ही शासनाची निकड बनली. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी 1884 मध्ये असे प्रतिपादन केले की, हिमालयात वसंत ऋतूत उशिरापर्यंत विपुल बर्फ पडल्यास वायव्येकडील कोरडे वारे टिकून राहतात व पाऊस ओढ देतो. बर्फ सूर्यकिरण परावर्तित करते, उरलेली उष्णता ते वितळण्यात खर्ची पडते आणि जमीन उशिरा तापते, अशी ही कारणमीमांसा. या आधारावर पहिला नियमित अंदाज 4 जून 1886 रोजी प्रसृत झाला.

येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. ब्लॅनफर्डपाशी डोंगराळ जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांकडून येणारे बर्फाचे अहवाल होते. परंतु त्यांचा परिणाम पडताळण्यासाठी पावसाचे आकडे हवे होते. ते तालुक्याच्या कचेऱ्यांतून येत. मापकातील पाणी रोज सकाळी मोजणारा कारकून हवामानशास्त्रज्ञ नव्हता. त्याचे मुख्य काम महसुलाचे. पिकांचा अंदाज व साऱ्याची सूट यांसाठीच ही नोंद ठेवली जाई. सिद्धान्ताला नाव ब्लॅनफर्डचे मिळाले, पण त्याची कसोटी या नोंदवह्यांत होती.

ही कसोटी लवकरच कठोर ठरली. जॉन एलियट यांनी 1899 साली चांगल्या पावसाचे भाकीत केले, आणि देशात भीषण दुष्काळ पडला. 1904 मध्ये आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी सांख्यिकीचा आधार घेऊन बर्फाच्या जोडीला मॉरिशस व दक्षिण अमेरिकेतील वायुभार विचारात घेतला. अर्थात जाळे आता खंडांपलीकडे गेले होते. उपग्रहांच्या काळात, 1976 मध्ये, हान व शुक्ला यांनी युरेशियातील हिमाच्छादनाचा मोसमी पावसाशी असलेला व्यस्त संबंध पुन्हा पुढे आणला. 1988 पासून वापरात आलेल्या सोळा घटकांच्या प्रारूपातही बर्फाला स्थान होते. 2002 च्या अवर्षणाने ते प्रारूप मागे पडले.

पेण-रोह्याच्या दृष्टीने मात्र या सर्व अंदाजांना मर्यादा होती. ते देशाच्या सरासरीचे होते. वर्षाला 3 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पावसाने पूर्ण दगा देणे विरळाच; भात उत्पादकाला भय असते ते लांबलेल्या रोहिणी-मृगाचे आणि एका रात्रीत कोसळणाऱ्या पाण्याचे. 1989 मध्ये देशाचा पाऊस सरासरीच्या जवळपास राहिला. त्याच वर्षी जुलैच्या 23-24 तारखांना अंबा नदीच्या पुराने सुधागडमधील जांभूळपाडा व रोहा तालुक्यातील नागोठणे येथे मोठी प्राणहानी झाली. दिवसातून एकदा, तेही तालुक्याच्या ठिकाणी वाचल्या जाणाऱ्या मापकाला घाटमाथ्यावरचा पाऊस वेळेत कळविणे शक्यच नव्हते. जाळे होते, त्याची वीण विरळ आणि वाचन संथ होते.

गेल्या काही वर्षांत दोन्ही टोकांना नवी साधने आली आहेत. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन संस्थेने 2016 मध्ये स्पीती खोऱ्यात ‘हिमांश’ हे केंद्र उभारले. जागतिक हवामान संघटनेच्या ‘ग्लोबल क्रायोस्फिअर वॉच’मधून हिम-बर्फाच्या नोंदी देशोदेशी वाटून घेतल्या जातात. इकडे 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत राज्यातील महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसविण्यात आली.

प्रश्न उरतो तो सलगतेचा. जागा व साधन बदलले की जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना अवघड होते. याबाबतचा दाखला याच जिल्ह्यात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा हलविताना 1904 मध्ये अलिबागचे काम सुरू झाले. तरी कुलाब्याची निरीक्षणे लगेच थांबविली नाहीत. 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी ठेवल्या गेल्या, आणि म्हणूनच 1841 पासूनची चुंबकीय मालिका आजही अखंड वाचता येते. पेण व रोह्याच्या तालुका-मापकांनाही स्वयंचलित केंद्रांशेजारी अशी काही वर्षे मिळणे आवश्यक आहे.