फोक्सवागन टाइप २ : इंजिनाची पुनर्बांधणी आणि बदल

फोक्सवागन टाइप २ या जर्मन बनावटीच्या जुन्या निवासी व्हॅनचे (कॅम्पर व्हॅन) झिजलेले इंजिन पुन्हा बांधावे की त्याजागी दुसरे बसवावे, हा अशा वाहनांच्या जतनातील एक प्रमुख प्रश्न आहे. त्याचा निर्णय बहुधा इंजिनाच्या क्रँककेसच्या स्थितीवर अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

टाइप २ चे उत्पादन १९५० मध्ये वोल्फ्सबुर्ग येथे सुरू झाले. मागील बाजूस बसवलेले चार सिलिंडरांचे आडवे, हवेने थंड होणारे इंजिन हे तिचे वैशिष्ट्य होय. मूळ इंजिन १,१३१ घनसेंमी क्षमतेचे व सुमारे २५ अश्वशक्तीचे होते. पुढे ते १,५८४ घनसेंमीपर्यंत वाढले. पलंग, कपाटे व शेगडी यांचे वजन वाहणाऱ्या व्हॅनमध्ये हे इंजिन मोटारीतल्यापेक्षा अधिक राबते आणि अधिक तापते. १९७०च्या दशकात काही व्हॅनमध्ये टाइप ४ हे मोठे इंजिन आले. १९७९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत काही वर्षांतच पाण्याने थंड होणारी इंजिने बसवली गेली.

तपासणी

शक्ती कमी झाली म्हणजे इंजिन संपले, असे नव्हे. व्हॉल्व्हची फट (१,६०० घनसेंमीच्या इंजिनात थंड असताना ०.१५ मिमी) नाहीशी झाली, तरी व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही व दाब घटतो. म्हणून फट आधी नीट करून मगच चारही सिलिंडरांतील दाब मोजतात. एकाच सिलिंडरात तो कमी आढळल्यास दोष बहुधा हेड, व्हॉल्व्ह किंवा पिस्टन रिंगांत असतो. जुन्या रचनेत तेल थंड करणारा कूलर पंख्याच्या आवरणात, तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत असे. त्यामुळे त्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळण्याची तक्रार जुनीच आहे. सिलिंडर सुटे असल्याने पिस्टनसह नवे घालता येतात.

खरी कसोटी क्रँककेसची. टाइप १ इंजिनाची क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, दोन भाग बोल्टांनी जोडून केलेली असते. उष्णता आणि हादरे यांमुळे मधल्या मुख्य बेअरिंगची बैठक ठोकली जाऊन सैल होते. बाहेरची पुली हाताने मागेपुढे ओढून क्रँकशाफ्टची हालचाल पाहतात; नव्या इंजिनात ती ०.०७ ते ०.१३ मिमी असते, ०.१५ मिमी ही झिजेची मर्यादा मानतात. बैठक पुन्हा छिलून (लाइन बोअरिंग) जाड बेअरिंग घालता येते, पण ते ठरावीक मर्यादेपर्यंतच. तिसऱ्या सिलिंडरमागे तडा गेला असेल, तर ती क्रँककेस बदलणेच इष्ट. हे सर्व इंजिन उघडल्यावरच नक्की कळते. त्यामुळे उघडण्यापूर्वी ठरवलेला खर्च बहुधा टिकत नाही.

पर्याय

क्रँककेस निकोप असेल तर पुनर्बांधणीने मूळ क्रमांकाचे इंजिन गाडीतच राहते. जुन्या वाहनाच्या किमतीत या गोष्टीला वजन असते. ती सदोष असल्यास नवी अ‍ॅल्युमिनियमची क्रँककेस किंवा तयार बांधलेले इंजिन घेता येते. मात्र स्वस्त तयार इंजिनात आतील भाग कोणते वापरले हे विचारल्याशिवाय ते घेणे जोखमीचे ठरते.

तिसऱ्या पिढीच्या पाण्याने थंड होणाऱ्या व्हॅनमध्ये सुबारूचे आडवे इंजिन बसवण्याची प्रथा रूढ आहे, कारण पुढील रेडिएटर व नळ्या आधीच असतात. तरीही जोडपट्टी, नवे वायरिंग आणि तेलाच्या टाकीची उंची यांचे काम उरतेच, शिवाय वाढलेली शक्ती जुन्या गिअरबॉक्सवर येते. हवेने थंड होणाऱ्या व्हॅनमध्ये असे इंजिन घालायचे तर रेडिएटरपासून सर्व नव्याने करावे लागते.

कायदा देशागणिक वेगळा आहे. ब्रिटनमध्ये इंजिन बदलल्यास नोंदणीपत्रात तशी नोंद करावी लागते. जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या वाहनांना मिळणाऱ्या ऐतिहासिक नोंदणीसाठी मूळपण तपासले जाते व परके आधुनिक इंजिन त्यात अडसर ठरू शकते.

कोणताही पर्याय निवडला तरी इंजिन उतरवलेले असतानाच पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या बदलतात. तापत्या इंजिनावर जुनी नळी फाटून लागलेली आग हे अशा व्हॅन नष्ट होण्याचे एक सर्वज्ञात कारण आहे.