वर्षाला एक रुपया पगार

करकंबसारख्या गावातून मुंबईला फोन लावायचा म्हणजे पूर्वी ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. पंढरपूर तालुक्यातलं हे आमचं गाव. आता तिथे बांधावर उभं राहून लोक बाजारभाव विचारतात. पण १९८० च्या सुमारास ७० कोटींच्या देशात जेमतेम २५ लाख फोन होते आणि बहुतेक खेड्यांत एकही नव्हता.

तेव्हा सॅम पित्रोदा शिकागोत होते. ओडिशातल्या टिटलागढचा हा गुजराती पोरगा अमेरिकेत इंजिनिअर झाला, वेस्कॉम नावाच्या टेलिफोन स्विच बनवणाऱ्या कंपनीत हिस्सेदार झाला. १९८० मध्ये रॉकवेलने ती कंपनी घेतली. खिशात पैसा, हातात पेटंट्स. आपल्यापैकी बहुतेकांनी इथेच "सेटल झालो" म्हटलं असतं!

हा माणूस मात्र दिल्लीच्या चकरा मारू लागला. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट सुरू झालं. भारतीय एक्सचेंज बनवायचं, ३६ महिन्यांत, ३६ कोटींत. म्हणजे बघा, चक्क प्रोजेक्ट प्लॅन! सल्लागार पित्रोदांचा पगार वर्षाला एक रुपया.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती रिक्वायरमेंटची. परदेशी एक्सचेंजला एसी खोली लागायची. आपल्या खेड्यात वीजच भरवशाची नाही, तिथे एसी कुठला? शिवाय अमेरिकेत घरोघरी फोन, पण प्रत्येकावर बोलणं थोडं. आपल्याकडे फोन मोजके आणि अख्खं गाव त्यावर बोलणार. मग डिझाइन वेगळंच हवं ना? त्यातून एसीशिवाय चालणारं, १२८ लाइनचं ग्रामीण एक्सचेंज तयार झालं. पहिलं बसलं १९८६ मध्ये, आपल्या शेजारी, बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. तीन वर्षं संपली तेव्हा मोठं एक्सचेंज मात्र अजून चाचणीच्या टप्प्यावर होतं. डेडलाइनचं दुखणं जुनंच आहे.

१९८७ मध्ये पित्रोदा राजीव गांधींचे तंत्रज्ञान सल्लागार झाले. त्यासाठी त्यांनी अमेरिकन नागरिकत्व सोडलं. १९८९ मध्ये टेलिकॉम कमिशनचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षाअखेर सरकार पडलं आणि चित्र पालटलं. आरोप झाले, १९९० मध्ये हार्ट अटॅक आला, १९९१ मध्ये राजीव गांधींची हत्या झाली. पित्रोदा शिकागोला परतले.

कंपनीत निर्णय चुकला तर शेअरहोल्डर विचारतात. सरकारात निर्णय बरोबर असला तरी पाठीशी उभा असलेला नेता गेला की खुर्ची हलते. पित्रोदांची सगळी ताकद एका पंतप्रधानाच्या विश्वासावर उभी होती. वेग त्यामुळेच मिळाला आणि घसरणही त्यामुळेच झाली, असं मला वाटतं. त्यांच्या राजकारणाबद्दल मतं काहीही असोत.

पण संस्था टिकली. २०२५ मध्ये बीएसएनएलने देशी ४जी सुरू केलं, त्याचं कोअर नेटवर्क सी-डॉटचं आहे. एका माणसाची खुर्ची गेली, तरी त्याने उभी केलेली टीम चाळीस वर्षांनीही कोड लिहितेय.

असो. एक रुपया पगारावर तुम्ही गेला असतात का? मी अजून विचार करतोय...