न्हाणीघर हलवण्याआधी उताराचा हिशेब

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर परिसरातील जुन्या सदनिकांचे नूतनीकरण करताना न्हाणीघर वा शौचालय दुसऱ्या कोपऱ्यात नेण्याचा मोह अनेकांना होतो. आराखड्यावर ते सहज बसतेही. मात्र सांडपाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. त्यामुळे नवे न्हाणीघर कोठे होऊ शकेल, हे जागेपेक्षा पाइपचा उतार ठरवतो.

किती उतार हवा?

मैला पाइपमध्ये साचू नये यासाठी सांडपाण्याला सेकंदाला किमान ०.७५ मीटर वेग लागतो. हा वेग मिळण्यासाठी १०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपला ५७ मीटर लांबीत १ मीटर उतार असावा, असे राष्ट्रीय इमारत संहितेचे मान आहे. 'एका फुटाला पाव इंच' हा प्लंबरमंडळींचा ठोकताळा त्याहून थोडा अधिक, म्हणजे ४८ ला १ असा पडतो. बेसिनच्या लहान पाइपला ४० ला १ इतका उतार ठेवणे चांगले.

कमोड मुख्य उभ्या पाइपपासून ३ मीटर दूर नेला, तर पाव इंचाच्या हिशेबाने केवळ उतारासाठी सुमारे ६२ मिलिमीटर खोली लागते. त्यात पाइपचा ११० मिलिमीटरचा बाहेरील व्यास, ट्रॅप, जलरोधक थर, कोबा आणि लादी मिळवली की ही खोली २५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १० इंचांवर जाते.

खरी अडचण

मूळ न्हाणीघराखालचा स्लॅब बहुधा खोलगट, गवंड्यांच्या भाषेत 'संकन', असतो. शेजारच्या खोलीत तशी सोय नसते. मग जमीन १० इंच उचलून विटांच्या तुकड्यांचा भराव केला जातो. या भरावाचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४५० किलो भरते. निवासी इमारतीतील न्हाणीघरासाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार मात्र २०० किलोच्या आसपास आहे. ही उंची टाळण्यासाठी उतार कमी केला तर पाइप तुंबतो आणि तुळई फोडली तर इमारतीलाच धोका पोहोचतो.

घाटकोपर पश्चिम येथील दामोदर पार्कमधील 'सिद्धी साई' इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील फेरफारात खांबांना हात लावल्याचा आरोप त्या वेळी झाला होता. भिंतीआडचे काम हा केवळ घरमालकाचा खासगी प्रश्न नाही, याचे भान त्या दुर्घटनेने दिले.

काय करावे?

शक्य असल्यास कमोड जुन्याच जागी ठेवून फक्त बेसिन व स्नानाची जागा हलवावी. कमोड हलवणे अटळच असेल, तर मागच्या बाजूने निकास असलेला कमोड बसवून पाइप जमिनीवरून भिंतीलगत न्यावा आणि तो झाकून घ्यावा. त्यामुळे भराव बराच कमी होतो. हलका भराव वापरायचा झाल्यास त्यासही संरचना अभियंत्याची संमती घ्यावी.

फोडकामापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. नवे शौचालय खालच्या घराच्या स्वयंपाकघरावर वा शयनगृहावर येत नाही ना, हेही पाहावे. सदनिकेच्या अंतर्गत गळतीचा खर्च सर्वसाधारणपणे त्या सदस्यावरच पडतो.

पाइप टाकताना उताराची रेषा पाण्याच्या नळीने भिंतीवर आखून घ्यावी. नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. पाइपला मध्येच पोक येऊ नये म्हणून ठरावीक अंतरावर आधार द्यावा. न्हाणी ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी कायम राहायला हवे, अन्यथा दुर्गंधी घरात शिरते.

लादी बसवण्यापूर्वी निकास बंद करून जमिनीवर पाणी साठवावे आणि किमान २४ तासांनी खालच्या घराचे छत तपासावे. छत कोरडे असेल तरच लादीचे काम सुरू करावे.