दादाची शाळा

विश्रांतवाडीत आमचं घर आळंदी रस्त्याला. माउलींची पालखी दारावरनं पुण्याकडं जायची. पोलिओनं दादाचे पाय गेलेले. त्याला ओट्यावर बसवलं की दर्शन व्हायचं. शाळा काही ओट्यापुढनं जात नाही!

सरकारचा पैसा नव्हता असं नाही. संस्थेनं अपंगांची शाळा काढायची, शिक्षकांच्या पगाराला सरकारनं अनुदान द्यायचं, वसतिगृहातल्या मुलामागं परिपोषणाचे पैसे वेगळे, अशी महाराष्ट्रातली रीत. पण शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. रोज उचलून नेणार कोण? आई कचेरीत गेली. "साहेब, पोरगं घरीच राहिलं तर काय मिळंल?" साहेबांनी वसतिगृहाचा अर्ज पुढं केला. सहा वर्षांचं पोर आईनं काही सोडलं नाही. तिला दोष देणारे नातेवाईक पुष्कळ. मी देत नाही.

पुढं १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला, ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, साध्या शाळेत सामावून घेणं, ने-आणीची सोय, सगळं होतं. दादा तेव्हा २१ वर्षांचा.

अक्षरं तो वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरनं शिकला. सही मात्र झोकात करतो.