काचेच्या भिंतीची परीक्षा, इमारत उभी राहण्यापूर्वीच

नाशिक, प्रतिनिधी

ओझरच्या कारखान्यामुळे विमानाच्या इंजिनाचे नाशिककरांना फारसे अप्रूप राहिलेले नाही. मात्र पंखा लावलेले विमानाचे इंजिन जमिनीवर उभे करून काचेच्या भिंतीसमोर पूर्ण वेगाने फिरवायचे आणि त्याच वेळी त्या भिंतीवर पाण्याचे फवारे सोडायचे, हा प्रकार अनेकांना नवा वाटेल. उंच इमारतींच्या काचेच्या दर्शनी भागाची ही परीक्षा असते. तिला ‘मॉकअप’ चाचणी म्हणतात.

कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि मुंबई नाका परिसरातील नव्या व्यापारी इमारतींचे दर्शनी भाग आता काचेचे होऊ लागले आहेत. यातील ‘कर्टन वॉल’ म्हणजे पडद्यासारखी टांगलेली भिंत. ती इमारतीचा भार उचलत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांची चौकट प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला अडकवितात आणि तीत काचा बसवितात. इमारतीचे वजन तिच्यावर नसले, तरी वारा आणि पाऊस यांना तोंड द्यावे लागते ते तिलाच.

वाऱ्याचा जोर किती?

आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. मुंबईसाठी तो ४४ मीटर आहे. हा रोजचा वारा नव्हे. पन्नास वर्षांच्या हिशेबाने गृहीत धरलेला तीन सेकंदांचा झोत आहे. ३९ मीटर वेगाचा वारा सुमारे ९१० पास्कल दाब देतो. दीड मीटर रुंद व दोन मीटर उंच काचेवर हा भार सुमारे २८० किलो होतो. इमारतीची उंची, आकार आणि भोवतालची मोकळी जागा यांनुसार हा आकडा बदलतो. कोपऱ्यांजवळ तर वारा काच आत ढकलण्यापेक्षा बाहेर ओढण्याचे काम अधिक करतो.

हे सारे कागदावर मोजता येते. पाणी कोणत्या सांध्यातून आत शिरेल, हे मात्र कागद सांगू शकत नाही. त्यासाठी भिंतीचा प्रत्यक्ष आकाराचा तुकडा उभारावा लागतो.

चाचणीचा क्रम

मोठ्या प्रकल्पांत साधारणपणे दोन मजले उंचीचा नमुना बांधतात. प्रत्यक्ष इमारतीत वापरायच्या त्याच काचा, त्याच पट्ट्या, तेच रबरी गॅस्केट आणि तेच सीलंट त्यात असावे लागते. हा नमुना एका हवाबंद कक्षाच्या उघड्या बाजूवर बसवितात. कक्षातील हवा खेचली, की बाहेरची हवा वाऱ्याप्रमाणे काचेवर दाब देते. कक्षात हवा भरली, की भिंत बाहेर ढकलली जाते. अशी चाचणी केंद्रे ठाणे जिल्ह्यात मुरबाड परिसरात आणि चेन्नईजवळ आहेत. चाचणीच्या पद्धती बहुधा अमेरिकेतील एएसटीएम आणि एएएमए या नावांच्या मानकांनुसार असतात.

प्रथम भिंतीतून हवा किती गळते, ते मोजतात. नंतर दर चौरस मीटरला मिनिटाला ३.४ लिटर या प्रमाणात सलग १५ मिनिटे पाणी फवारून, कक्षात हवेचा दाब राखून गळती पाहतात. पुढची पाळी विमानाच्या इंजिनाची. स्थिर दाबाखाली न गळणारा सांधा झोतांच्या हादऱ्यांनी उघडू शकतो, म्हणून ही चाचणी वेगळी घेतात. त्यानंतर वाऱ्याचा पूर्ण भार देऊन पट्ट्या किती वाकतात, हे मोजतात. लांबीच्या १७५ व्या भागापर्यंतचा बाक सर्रास चालतो. म्हणजे साडेतीन मीटरची पट्टी २० मिलिमीटर वाकली तरी ती नापास होत नाही. भूकंपात मजले एकमेकांवर सरकतात, तसा नमुन्याचा एक मजलाही आडवा हलवितात. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या विभागात असल्याने येथे ही पायरी टाळण्याजोगी नाही. पाण्याची चाचणी पुन्हा घेतात आणि शेवटी दीडपट भार देतात. त्यात काच निखळता कामा नये.

नापास होण्याचे मोल

नमुना पहिल्या फेरीत गळला, तर त्यात नामुष्की काहीच नाही. काच सहसा गळत नाही. गळतात ते कोपरे, सांधे आणि पट्ट्यांचे जोड. चौकटीत शिरलेले पाणी बाहेर काढणारी बारीक छिद्रे कारागिराने सीलंटने बुजविली, एवढ्यानेही पाणी आत येते. हा दोष नमुन्यात सापडला, तर एक रेखाचित्र बदलावे लागते. तोच दोष बाराव्या मजल्यापर्यंत काचा लागल्यावर सापडला, तर पाळणे लावून प्रत्येक सांधा उकलावा लागतो, आणि तोवर छत व फर्निचर भिजलेले असते. म्हणूनच पट्ट्यांची घाऊक कापणी सुरू होण्यापूर्वी चाचणी आटोपणे महत्त्वाचे ठरते.

चाचणीला मर्यादाही आहेत. बोस्टन येथील ६० मजली जॉन हॅनकॉक टॉवरच्या काचा १९७३ मध्ये निखळून पडू लागल्या आणि अखेर दहा हजारांहून अधिक काचा बदलाव्या लागल्या. दोष दुहेरी काचांच्या कडांच्या जोडात होता. तो जोड ताठ असल्याने वारंवारच्या ताणाने काचेला तडे जात होते. असा दीर्घकाळचा थकवा थोड्या दिवसांच्या चाचणीत दिसेलच असे नाही. आगीची परीक्षाही यात होत नाही.

नाशिककरांनी काय विचारावे?

मॉकअप चाचणी सामान्यतः करारातील अट असते. अट घातली नाही, तर चाचणीही होत नाही. लहान इमारतीला पूर्ण नमुन्याचा खर्च झेपत नसेल, तर निदान बसविलेल्या भिंतीवर जागेवरच ठरावीक दाबाच्या पाण्याने सांधे तपासता येतात. कार्यालय किंवा गाळा घेणाऱ्याने चाचणीचा अहवाल मागावा. त्यात केवळ ‘उत्तीर्ण’ हा शब्द न पाहता पहिल्या फेरीत काय गळले आणि कोणता बदल झाला, हे वाचावे. तो बदल प्रत्यक्ष इमारतीत उतरला की नाही, हा प्रश्न तर अवश्य विचारावा. कारण काच बाहेर निखळली, तर ती पदपथावरून चालणाऱ्याच्या डोक्यावर पडते, आणि त्याची या करारावर सही नसते.