संघटनात्मक वातावरण

संघटनात्मक वातावरण म्हणजे एखाद्या कारखान्यात, कार्यालयात किंवा संस्थेत काम करणाऱ्यांना तेथील नियम, वागणूक, बक्षीस-शिक्षा व वरिष्ठांच्या अपेक्षा यांविषयी रोजच्या अनुभवातून होणारी सामाईक जाणीव होय. हिला कार्यवातावरण असेही म्हणतात. संघटनात्मक वर्तनशास्त्रात या संकल्पनेचा अभ्यास मुख्यतः कर्मचाऱ्यांची प्रेरणा आणि त्यांची कामगिरी यांच्या संदर्भात होतो. संस्थेची संस्कृती ही तिच्या खोलवर रुजलेल्या मूल्यांत असते व सावकाश बदलते. वातावरण मात्र त्या मानाने लवकर पालटते. एकाच संस्थेच्या दोन विभागांत वेगवेगळे वातावरण आढळते आणि त्याचे कारण बहुधा त्या त्या विभागाच्या प्रमुखात सापडते.

उगम

या संकल्पनेचा आरंभ कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांच्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मानला जातो. अमेरिकेतील आयोवा येथे सुमारे दहा वर्षे वयाच्या मुलांची छंदमंडळे स्थापून त्यांच्यावर निरनिराळ्या शैलींचे प्रौढ नेते नेमण्यात आले. हुकूमशाही पद्धतीच्या मंडळांत नेता खोलीत असेपर्यंत काम चाले, तो बाहेर गेला की ते मंदावे. चर्चेने निर्णय घेणाऱ्या मंडळांत मुले नेत्याच्या अनुपस्थितीतही कामात रमलेली असत. मुले तीच असतानाही नेत्याच्या शैलीबरोबर त्यांचे वर्तन बदलले, ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

त्याआधी १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळील हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात झालेल्या पाहण्यांनी याच प्रश्नाकडे लक्ष वेधले होते. तारजोडणी विभागातील चौदा पुरुष कामगारांनी आपसांत ठरवून उत्पादन एका मर्यादेत राखल्याचे तेथे दिसून आले. जास्त काम करणाऱ्याला सोबत्यांचा रोष पत्करावा लागे. वेतनयोजना कितीही आकर्षक असली तरी वरिष्ठांविषयी अविश्वास असेल तर ती निष्फळ ठरते, हे यातून ध्यानात आले.

लिटविन व स्ट्रिंगर यांचा प्रयोग

वातावरण व प्रेरणा यांचा संबंध स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय जॉर्ज लिटविन व रॉबर्ट स्ट्रिंगर यांना दिले जाते. त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. डेव्हिड मॅक्लेलंड यांनी सांगितलेल्या सत्ता, स्नेह व सिद्धी या तीन गरजा त्यांनी आधाराला घेतल्या. हार्वर्डमध्ये त्यांनी तीन लुटुपुटीच्या कंपन्या उभ्या केल्या. काम सारखेच होते, फक्त प्रत्येक अध्यक्षाला वेगळी शैली नेमून दिली होती. पहिल्याने अधिकार, शिस्त व कडक नियमांवर भर दिला, दुसऱ्याने सलोख्यावर, तर तिसऱ्याने उच्च उद्दिष्टे ठेवून चांगल्या कामाची दखल घेण्यावर. पहिल्या कंपनीत कामगिरी व समाधान दोन्ही खालावले. दुसरीत माणसे समाधानी होती, पण कामगिरी बेताची राहिली. तिसरीत दोन्ही उंचावले. दुसऱ्या कंपनीचा निष्कर्ष पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. केवळ गोड वागणारा वरिष्ठ लोकप्रिय होतो, पण काम उत्तम होईलच असे नाही.

जबाबदारी, बक्षीस, आपुलकी, आधार, दर्जाची अपेक्षा, मतभेद मांडण्याची मोकळीक इत्यादी घटक त्यांनी वातावरणाच्या मोजणीसाठी सुचविले. पुढे डॅनियल गोलमन यांनी २००० साली लिहिलेल्या लेखात सहा नेतृत्वशैलींची तुलना केली. त्यांपैकी धाकाची शैली आणि स्वतः भरधाव काम करून इतरांनाही तसेच पळवण्याची शैली या दोन्ही वातावरणाला मारक असल्याचे त्यांनी नोंदविले.

भारतातील अनुभव

मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगाराच्या दृष्टीने वातावरण म्हणजे जॉबर. भरती, देखरेख आणि बदली कामगाराला त्या दिवशी काम द्यायचे की नाही, हे सारे प्रदीर्घ काळ त्याच्या हाती होते. त्यासाठी तो दस्तुरी घेई. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर टीका केली. मालक कामगारांच्या नजरेस क्वचितच पडत असल्यामुळे गिरणीचे धोरण काहीही असो, साचाखात्यातील प्रत्यक्ष अनुभव जॉबरच ठरवीत असे.

याच उद्योगात १९५३ साली अहमदाबाद येथे साराभाई घराण्याच्या कॅलिको कंपनीच्या गिरणीत लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी प्रयोग केला. तेथे नवे स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन होत नव्हते. २२४ मागांवरचे काम २९ कामगारांत बारा प्रकारच्या कामांनुसार वाटलेले होते. तुटलेला धागा जोडणारा एक, कांड्या भरणारा दुसरा, आणि आपण नेमके कोणत्या चमूचे हे कोणालाच सांगता येत नव्हते. राइस यांनी ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी सातजणांच्या गटाकडे सोपविण्याची कल्पना मांडली. पर्यवेक्षक व कामगार यांनी स्वतः पुढाकार घेऊन ती राबविली. कार्यक्षमता वाढली व सदोष कापडाचे प्रमाण घटले. यंत्रे व माणसे तीच होती, बदलली ती कामाची रचना. अनेक वर्षांनी एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली तेव्हा एका ठिकाणी गटपद्धती टिकून होती, अन्यत्र मात्र ती मागे पडली होती.

१९७५ साली उदय पारीक व टी. व्ही. राव यांनी लार्सन अँड टुब्रो या मुंबईस्थित कंपनीसाठी मनुष्यबळ विकासाची पद्धत आखून दिली. पारीक यांनी मोकळेपणा, विश्वास, स्वायत्तता, सहकार्य अशा आठ मूल्यांवर आधारलेली प्रश्नावलीही तयार केली. भारतीय संस्थांच्या अभ्यासात ती आजही वापरली जाते.

भय व चुका

व्यवस्थापकाच्या वागण्याचा सर्वांत गंभीर परिणाम चुकांच्या बाबतीत दिसतो. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या विभागांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. चांगले नेतृत्व असलेल्या विभागांत औषध देण्यातील चुका अधिक नोंदलेल्या आढळल्या. हा निष्कर्ष प्रथमदर्शनी उलटा वाटतो. त्या विभागांत चुका अधिक होत नसून त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या, असा त्याचा उलगडा त्यांनी केला. चूक कबूल करणाऱ्याला बोलणी खावी लागतील अशा विभागात ती लपविली जाते आणि तिची किंमत रुग्णाला मोजावी लागते. सुरक्षिततेविषयीच्या वातावरणाचा अभ्यास डोव्ह झोहर यांनी इस्राएलमधील कारखान्यांत केला व तो १९८० साली प्रसिद्ध झाला. अपघात टाळण्याबाबत व्यवस्थापन खरोखर किती गंभीर आहे, याची कामगारांना असलेली जाण त्यात कळीची ठरली. भिंतीवर सूचना लावायच्या आणि माल पाठवायची घाई असली की त्यांकडे काणाडोळा करायचा, हे कामगारांच्या नजरेतून सुटत नाही.

टीका

हॉथॉर्न येथील निष्कर्षांवर अॅलेक्स कॅरी यांनी १९६७ मध्ये कठोर टीका केली. जोडणीच्या चाचणीकक्षातील मैत्रीपूर्ण देखरेखीचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्याच कक्षातील दोन कामगार स्त्रियांना कामात फार बोलतात या कारणावरून १९२८ साली बदलण्यात आले होते व त्यानंतरच उत्पादनात ठळक वाढ दिसली, याकडे त्यांनी लक्ष वेधले. वातावरण हा संस्थेचा गुण मानावा की व्यक्तीच्या मनातील समजूत, हाही वाद आहे. त्यामुळे एकाच विभागातील लोकांची उत्तरे परस्परांशी पुरेशी जुळतात की नाही हे आधी तपासून मगच त्यांची सरासरी काढण्याची पद्धत संशोधनात रूढ झाली आहे.