निनांवी देवघेव आणि एका कर्त्याचा खटला

जपानांतील क्योटो येथील जिल्हा न्यायालयानें १३ डिसेंबर २००६ रोजीं इसामु कानेको नांवाच्या एका संशोधकास १५ लक्ष येन दंडाची शिक्षा सुनावली. कानेको यांनीं कोणाचें कांहीं चोरल्याचा आरोप नव्हता. त्यांनीं संगणकाची एक आज्ञावली लिहून लोकांस मोफत दिली होती, आणि दुसऱ्यांनीं तिचा गैर उपयोग केला, यांत त्यांचा अपराध मानला गेला. साधन घडविणारा त्याच्या दुरुपयोगास कोठवर जबाबदार, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु वापरणारा निनांवी असेल तर तो किती अवघड होतो, हें या खटल्यानें दाखविलें. म्हणून त्याची हकीकत येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हिचा आरंभ अमेरिकेंत झाला. १९९९ सालीं तेथें नॅप्स्टर निघालें. गाण्यांच्या फाइली लोकांच्या घरच्या संगणकांवर असत व एकाकडून दुसऱ्याकडे परभारें जात. कोणाजवळ काय आहे याची यादी मात्र नॅप्स्टरच्या मध्यवर्ती संगणकावर असे. संगीत कंपन्यांनीं न्यायालयांत जाऊन नेमकें हेंच मर्मस्थान गांठलें, आणि २००१ सालीं ती देवघेव बंद पडली. २००० सालीं निघालेल्या नूटेलानें मध्यवर्ती यादीच काढून टाकली; पण तेथेंही फाइल देणाराचा पत्ता घेणारास दिसत असे. याच सुमारास एडिंबरो विद्यापीठाचे विद्यार्थी इयन क्लार्क यांनीं फ्रीनेटची कल्पना मांडून २००० सालीं ती प्रत्यक्षांत आणिली. इंटरनेटच्या जाळ्यावर विणलेलें हें दुसरें जाळें होय. त्यांत फाइलीचे तुकडे सांकेतिक कुलपांत बंद होऊन हातोहात पुढें जातात. ज्याच्या घरीं तुकडा राहतो, त्यासही आंत काय आहे हें कळत नाहीं. सत्तेच्या दडपणाखालीं असणारांनीं निर्भयपणें लिहावें व वाचावें, हा त्यामागील हेतु होता.

कानेको यांनीं या कल्पनेस जपानांत नवें रूप दिलें. ते त्या वेळीं तोकियो विद्यापीठांत संशोधन-साहाय्यक होते. जेथें निनांवी लिहिण्याचाच प्रघात होता अशा 'टू-चॅनेल' या जपानी चर्चापीठावर त्यांनीं आपला संकल्प जाहीर केला. तेथें ते केवळ ४७ या आंकड्यानें ओळखले जात. त्या काळीं 'विन-एमएक्स' ही आज्ञावली प्रचारांत होती. तिच्या नांवांतील एम व एक्स या अक्षरांच्या पुढचीं एन व वाय हीं अक्षरें घेऊन त्यांनीं आपल्या कृतीस 'विनी' हें नांव दिलें, आणि मे २००२ मध्यें ती लोकांपुढें ठेविली. विनींत फाइल मूळ धन्याकडून थेट येईलच असें नसे. वाटेंतला एखादा संगणक ती घेई, कुलूपबंद प्रत आपल्याजवळ ठेवी व पुढें देई. त्यामुळें देणारा मूळचा धनी कीं नुसता वाटेवरचा हमाल, हें पाहणारास सहसा उमगत नसे.

लवकरच चित्रपट, गाणीं व खेळ यांच्या प्रती विनीवरून मुक्तपणें वाहूं लागल्या. नोव्हेंबर २००३ मध्यें क्योटो पोलिसांनीं विनी वापरणाऱ्या दोघांस पकडलें, आणि मे २००४ मध्यें खुद्द कानेको यांस अटक केली. स्वामित्वहक्काच्या भंगास साहाय्य केलें, हा आरोप.

खटला चालू असतांच दुसरें संकट उभें राहिलें. 'अँटिनी' नांवाचा संगणक-विषाणु विनीवर पसरला. तो ज्या संगणकांत शिरे, तेथील खाजगी कागद मालकाच्या नकळत जाळ्यावर मांडी. पोलिसांच्या तपासाचे कागद व स्वसंरक्षण दलाची माहिती अशा रीतीनें बाहेर फुटली. एकदां फुटलेला कागद परत घेण्याची सोय नव्हती. कारण ज्या युक्तीनें देणारा झांकला जाई, त्याच युक्तीनें प्रती अनोळखी घरांत जाऊन बसत. शेवटीं मार्च २००६ मध्यें मंत्रिमंडळाचे मुख्य सचिव, पुढें पंतप्रधान झालेले शिंझो आबे, यांनीं विनी वापरूं नका असें जनतेस जाहीर आवाहन केलें. यावर उपाय करण्यास योग्य मनुष्य एकच, तो म्हणजे कर्ता. आणि तो आरोपीच्या पिंजऱ्यांत होता. सुधारलेली विनी प्रसिद्ध करावी, तर तेंच गुन्ह्यास नवें साहाय्य ठरण्याचें भय.

क्योटोच्या न्यायालयानें विनीची विद्या स्वतः बरी वा वाईट नाहीं हें मान्य केलें. तरी दुरुपयोग होत आहे हें ठाऊक असून कानेको यांनीं ती पुरविली, म्हणून त्यांस दोषी ठरविलें. ऑक्टोबर २००९ मध्यें ओसाकाच्या उच्च न्यायालयानें हा निकाल फिरविला. डिसेंबर २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्दोषत्व कायम केलें. तेथेंही पांचांपैकीं एका न्यायाधीशांचें मत विरुद्ध पडलें.

या मतभेदाचें आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. ज्यांच्या कृतीच्या प्रती वाटल्या गेल्या, त्या कलावंतांचें नुकसान खोटें नव्हतें; आणि कानेको यांस जगांत काय चाललें आहे हें दिसत नव्हतें, असेंही म्हणवत नाहीं. तथापि या इतिहासापासून एक गोष्ट घेण्याजोगी आहे असें आम्ही समजतों. नांव झांकलें म्हणजे जबाबदारी नाहींशी होत नाहीं. ज्याचें नांव उघडें असतें त्याच्या माथीं ती येऊन बसते. विनी वापरणारांपैकीं बहुतेक आपल्या घरीं निश्चिंत राहिले. कानेको यांचीं साडेसात वर्षें मात्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यांत गेलीं, आणि जी चूक त्यांनाच दुरुस्त करतां आली असती ती तशीच राहिली. अंतिम निकालानंतर दोन वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच जुलै २०१३ मध्यें हृदयविकारानें त्यांचें निधन झालें.